तांबडी आणि झुकिनी

“मग माझं चुकतंय कुठे, फादर?”

एलायसने तिसऱ्यांदा विचारलं. फादर इनास आपले झुकिनीच्या चकत्या करत बसले होते.

झुकिनी म्हणजे दिसायला काकडी आणि जातीने भोपळा. फादर रोमला अकरा वर्षं शिकायला होते. धर्मशास्त्र किती आलं ते देवाला माहीत, पण तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरच्या हाताखाली भाज्या करायला शिकून आले. झुकिनीचं बीही घेऊन आले. आता भुईगावात वाडीभर तीच आहे.

मी शेजारीण. अंडी द्यायला आले होते. निघायला हवं होतं, पण पाय निघेना.

एलायस आमच्याच आळीतला. सहा वर्षं मोठ्या जहाजावर आचारी होता. तेव्हापासून बोलतो असा, की आम्ही सगळे जेवायला बसलोय आणि हा वाढतोय.

“नऊ प्रकारचा पास्ता येतो मला,” तो म्हणाला. “आणि अंधेरीच्या हॉटेलातला तो इटालियन म्हातारा म्हणतो, झुकिनी करून दाखव. तेल, लसूण, मीठ. बस्स. बाजूला वाढायची भाजी, फादर. दोनदा केली.”

“मग?”

“दोनदा म्हणाला, बाळांना भरवा.”

मला हसू आलं. मी पदर तोंडाला लावला.

“उद्या शेवटचं बोलावलंय. जमलं तर नोकरी इथेच. नाही तर सोमवारी जहाज.” तो थांबला... “मुलगी सात महिन्यांची झालीय. मी घेतली की रडते. आता गेलो तर परत येईन तेव्हा ती चालत असेल. मला काका म्हणेल.”

माझं हसू जागच्या जागी विरलं. पोराच्या पोटात हे होतं तर.

“कर,” फादर म्हणाले.

त्याने पॅन ठेवला. तेल ओतलं, ठेचलेला लसूण टाकला, चकत्या टाकल्या. आणि कालथा हातात घेतला. मग काय, ढवळ ढवळ ढवळलं.

फादरांनी कालथा काढून घेतला.

त्याने पॅनचा दांडा धरून चकत्या उडवायला सुरुवात केली. फादरांनी त्याचा हात बाजूला केला. त्याने चमचा उचलला.

“काय करतोस?”

“लक्ष ठेवतोय.”

“चमच्याने?”

“करपली तर, फादर?”

...

चकत्यांना पाणी सुटलं होतं. पॅनमध्ये नुसता गिच्च लगदा. फादरांनी तो केळीच्या पानावर काढला आणि दारात ठेवला. माझी तांबडी कोंबडी त्यांच्याच वाडीत चरते. ती धावत आली आणि सगळं फस्त करून गेली.

“एकीला तरी आवडली,” मी म्हणाले.

“मावशी, तुम्ही गप्प बसा.”

फादरांनी दुसऱ्यांदा पॅन तापवला, तेल-लसूण टाकलं. चकत्या एकेक करून मांडल्या. मग दारात जाऊन तांबडीला उचललं आणि एलायसच्या हातात दिलं.

“धर.”

“कोंबडी?”

“दोन्ही हातांनी.”

तांबडीचा स्वभाव मला विचारा. माझ्या नवऱ्याला अजून जवळ येऊ देत नाही ती. तिने पंख फडफडवले, त्याच्या शर्टाला चोच मारली, पिसं उडवली. एलायस तिला बाळासारखी झुलवू लागला. ती आणखीच ओरडली.

“झुलवू नकोस,” फादर म्हणाले.

“फादर, चुरचुर वाजतंय. करपेल.”

“कोंबडीकडे बघ.”

“पण...”

“कोंबडीकडे.”

तो बघत राहिला. करणार काय, दोन्ही हात गुंतलेले.

...

हळूहळू त्याचे खांदे उतरले. तांबडीने मान आत ओढली. मग तिच्या डोळ्यांवर खालून पापणी चढली आणि ती चक्क झोपली. त्या बाईला कुणाच्या हातात झोपलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती.

स्वयंपाकघरात खरपूस लसणाचा वास भरला.

फादरांनी प्रत्येक चकती एकदाच उलटली. खालून भाकरीसारखे तांबूस डाग पडले होते. आता कुठे मीठ घातलं, व्हिनेगरचे चार थेंब, वर चुरडलेला पुदिना. प्लेटा कुणी काढल्याच नाहीत. पावाचे तुकडे मोडून आम्ही पॅनमधूनच खाल्ली. एलायसला मी भरवली, कारण त्याला कोंबडी खाली ठेवायची नव्हती.

त्याने चावलं आणि हसायला लागला. हसता हसता डोळे भरले.

“एवढंच होतं, फादर?”

फादर पावाने पॅन पुसत होते.

“उद्या कोंबडी घेऊन जाऊ का?”

“नेऊन तर बघ,” मी म्हणाले.

फादरांनी तांबडी त्याच्याकडून घेऊन अंगणात सोडली. तिने अंग झटकलं आणि पुदिन्याच्या वाफ्यात जोरजोरात उकरायला लागली.

“मग उद्या मी हातात काय धरू?”

एलायस पायऱ्या उतरून फाटकाशी गेला. तिथे त्याची मोटारसायकल उभी होती. तो तिच्याजवळ नुसताच थांबला. हात अजून छातीशी तसेच, रिकामे.

फादर मागोमाग गेले. तांबडीने तोवर अर्धा वाफा उलथला होता. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. एलायसच्या त्या हातांकडे बघत ओठांवर बोट ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाले,

“सावकाश जा रे... निजलीय ती.”