ठमाकाकूचं विरजण

जंतू मारणाऱ्या गोळ्यांचा शोध लागून माणसं निर्धास्त झाली होती, त्या काळातली ही गोष्ट. गजाभाऊ शेवड्यांच्या पोटात ठमाकाकू नावाची एक जंतूबाई राहत असे. तिने जन्मात कुणाला त्रास दिला नव्हता.

एकदा शिळ्या भेळेबरोबर दगडू नावाचा दांडगट जंतू आत शिरला आणि त्याने धुमाकूळ घातला. गजाभाऊंनी कपाटातली नेहमीची गोळी गिळली. थोड्याच वेळात दगडूला घेरी यायला लागली. काकू मात्र निवांत बसली होती.

"काकू, तुला कसं काही होत नाही?"

"अरे, गजाभाऊ शिंकले तरी हीच गोळी घेतात, तीही बरं वाटेपर्यंतच. तेवढ्यात मला तिच्यावरची तोड सापडली. देऊ तुला?"

"मग तुझ्याकडची संपेल ना?"

"विरजण आहे रे ते! चमचाभर दिलं म्हणून माझं दही कमी होतं का? आणि दारात आलेल्याला विरजण नाही म्हणू नये."

दगडूने ते घेतलं आणि टुणकन उठून बसला. संध्याकाळपर्यंत त्याने साऱ्या आळीत चमचा चमचा वाटलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी गजाभाऊ डॉक्टरीणबाईंसमोर कण्हत बसले होते.

"ही गोळी लागू का पडत नाही? आधी घेतली होती का?" बाईंनी विचारलं.

"नेहमीच घेतो! बरं वाटलं की उरलेल्या शेजारीपाजारी वाटतो. कुणी मागितलं तर मला नाही म्हणवत नाही."

आत काकूला गहिवरून आलं.

"ऐकलंस ना दगडू? शेवटी आपण त्यांच्या पोटचेच!"