बहिरीला घातलेली हाक

खूप खूप जुनी गोष्ट. खाडीच्या तोंडाशी एक लहानसं राज्य होतं. तिथल्या राजाला शिकारी पक्ष्यांचं भारी वेड. त्याचे ससाणे नि शिक्रे सांभाळायला एक बाजदार होता. पाखरांवर त्याचा फार जीव.

एकदा दूरदेशीच्या गलबतातून राजाला नजराणा आला, करड्या पाठीची, काळ्याभोर डोळ्यांची ससाण्याची मादी. आणणारा एवढंच म्हणाला, "ही बहिरी." आणि निघून गेला.

"अरेरे! बिचारीला ऐकू येत नाही," बाजदार हळहळला.

मग तो तिला ओरडून हाका मारू लागला. ती दचकायची, मागे सरायची. त्याला वाटायचं, हिने ऐकलंच नाही. मग तो आणखी मोठ्याने ओरडायचा. शेवटी त्याने ढोल आणला. पहिल्याच थापेला ती दांडीवरून कोसळली नि पायातल्या दोरीला उलटी लोंबकळली. त्या दिवसापासून तिने खाणंच सोडलं.

राजा वैतागला. "दसऱ्याला ही माझ्या मनगटावर आली तर ठीक. नाहीतर मान मुरगाळून टाक."

बाजदाराला अन्न गोड लागेना. दसऱ्याच्या आदल्या सकाळी तो तिला घेऊन धक्क्यावर गेला. मनाशी म्हणाला, 'सोडून देतो. माझं काय व्हायचं ते होवो, ही तरी जगेल.'

तिथे एक म्हातारा तांडेल शीड शिवत बसला होता. पक्षी पाहताच तो म्हणाला, "वा! बहिरी की हो ही!"

"हो ना. ठार बहिरी."

तांडेल खो खो हसला. "अहो बाजदार, हा शब्द आपला नव्हे. पलीकडच्या किनाऱ्यावर दर्याला 'बहर' म्हणतात. बहिरी म्हणजे दर्यावरची! कानांचा काय संबंध?"

बाजदाराचा चेहरा पडला. "म्हणजे मी इतके दिवस हिच्या कानाशी ढोल बडवत होतो?"

त्याने दोरी सोडली. बहिरी उडाली, खाडीवर उंच गेली, ठिपक्याएवढी झाली. बाजदाराने ओठ जुळवले आणि अगदी हळू, अंगाई म्हणावी तशी शीळ घातली.

ठिपका थांबल्यासारखा झाला. वळला. मोठा होत होत खाली आला आणि त्याच्या मनगटावर अलगद बसला. तिने त्याच्या हातातला घास घेतला. बाजदार हसत होता, नि डोळे मात्र वाहत होते.

दसऱ्याला त्याने राजालाही तशीच हळू शीळ घालायला लावली. बहिरी भरारत आली.

"वा! बरी झाली की ही!" राजा म्हणाला.

"महाराज, ती ठणठणीतच होती. चुकलं ते माझं ओरडणं."

राजाने बहिरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाजदाराला आपल्या गळ्यातला शेला दिला.

तात्पर्य : नावावरून कुणाला पारखू नये, 'ऐकत नाही' म्हणण्याआधी एकदा मायेने हाक मारून पाहावी.