उघड्या टपाची गाडी

“...मग मोह सुटला असंच म्हणायचं की नाही, अप्पा?”

निजगुण अप्पा त्या मठाचे स्वामी. मठाच्या पायरीवर बसून ते शेंगा सोलत होते.

यशोधन मगदूमच बोलत राहिला. फाउंड्रीचा मालक तो, ऐकून घ्यायची सवय त्याला कुठली! वडिलांची, म्हणजे आबांची, जुनी जर्मन स्पोर्ट्स कार, दोनच माणसांची, उघड्या टपाची. कित्येक वर्षं गोठ्यात गंजत पडली होती. याने हट्टाला पेटून ती पुन्हा उभी केली. सुटे भाग परदेशातून मागवले, मनासारखा बसेना म्हणून रंग पुन्हा पुन्हा खरवडून दिला. आता आबा गेले, तिच्याकडे बघवत नाही, म्हणून विकायला काढली. उद्या बंगळूरचं गिऱ्हाईक येणार होतं. त्याआधी अप्पांनी गाडीवर एकदा हात ठेवावा, की आपण सुटलो, असं त्याच्या मनात होतं.

“बसून बघू?” अप्पांनी विचारलं.

मगदूमला धन्य वाटलं. अप्पा अनवाणीच उठले, कफनीची माती झटकत गाडीपाशी आले. त्यांनी दार उघडलं मात्र, हा लगबगीने पुढे झाला आणि पांढऱ्या चामड्याच्या सीटवर त्याने टॉवेल अंथरला. हात आपसूकच गेला होता.

अप्पा उभेच राहिले.

“आबांनाही असाच अंथरलास?”

“आबा बसले नाहीत.”

“का?”

मगदूम टॉवेलची सुरकुती सारखी करू लागला. शेवटच्या वर्षी आबा रोज पडवीत खुर्ची ओढून गाडीकडे बघत बसायचे. टप उघडून एकदा आंबोलीपर्यंत ने, एवढंच त्यांचं मागणं. हा म्हणायचा, आरसे येऊ देत. आरसे आले, तर म्हणाला, पावसाळा सरू दे. खरं कारण त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता मात्र लपवणं जमेना.

“त्यांना लघवी आवरत नव्हती, अप्पा. चामडं नवीन होतं.”

अप्पांनी टॉवेल उचलला, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिला.

मगदूमला रडू फुटलं. एवढा मोठा माणूस, लाज सोडून मठाच्या अंगणात रडला. डोळे पुसायलाही त्याला सुचेना.

“मग... विकू की नको?”

“विक. गिऱ्हाईकाला बिनदिक्कत सांग, सीट कोरी आहे, बापालासुद्धा बसू दिलं नाही.”