कोरड्या विहिरीचा दोर

शके सतराशे चौतीसचा वैशाख होता. हिंगणवाडीची नवी विहीर अजून कोरडीच होती. तळाशी यल्लप्पा वडार पहार चालवत होता आणि काठावर त्याची बायको दुर्गव्वा मोटेचा दोर वळत होती. तेवढ्यात जहागीरदार गडी घेऊन आला.

“खडकाला दोर कशाला गं? इथं पाणी लागायचं नाही. बुजवा रे विहीर, आणि गाव उठवा!”

दुर्गव्वाचे हात थांबले नाहीत.

“बुजवा, सरकार. फक्त देवाची शपथ घ्या, की इथं कधीकाळी पाणी लागलंच तर तुमच्या वाड्यात त्यातली घागरभरही जाणार नाही.”

जहागीरदाराला शपथ घेववेना.

“म्हणजे आशा सरकारलाही आहे,” दुर्गव्वा म्हणाली. “मग आम्ही दोर आधीच वळून ठेवला, तर बिघडलं कुठं?”

जहागीरदाराने बुजवायला आणलेले गडी खणायला खाली उतरवले.