काका आजारी आहेत

तोराजा लोकांच्या डोंगरात माणूस मेला तरी रेड्याचा बळी देईपर्यंत त्याला आजारीच म्हणतात; घरातच निजवतात, उशाशी कॉफी ठेवतात.

दातूच्या घरात गावप्रमुख पासांग शिरला. रिवाजाप्रमाणे तिच्या निजलेल्या बापापुढं वाकून म्हणाला, “काका, बरं वाटतंय ना?” मग दातूवर गुरकावला, “आपण मेल्यावर शेत मला द्यायचं म्हाताऱ्यानं कबूल केलं होतं. आता ते माझं.”

“मग आत्ता तब्येत कुणाची विचारलीत?” दातू म्हणाली. “ते मेलेत ना? तसं त्यांच्या तोंडावर सांगा.”

पासांग बाहेर पडला आणि शिडी उतरताना सवयीनं म्हणाला, “येतो, काका.”

आत फळ्या करकरल्या. दातू तर दारातच उभी होती.