सतरंजीतली टिल्ली

एवढीशी शाळा होती. दोन खोल्या. पुढे ओटा. ओट्यावर घंटा. मागे चूल. चुलीजवळ शेवग्याचं झाड.

आणि भिंतीच्या बिळात कोण होतं? एक उंदरीण होती. तिचं पिल्लू होतं. पिल्लाचं नाव टिल्ली.

काल शाळेत स्नेहसंमेलन होतं! ढोल वाजला, ढुम ढुम. मुलं नाचली, थय थय. आजी-आजोबा चिवडा खात बघत बसले, कुडुम कुडुम.

मग संमेलन संपलं. सगळे दमले.

रोज कसं असतं? सतरंजी आधी झटकायची. मग गुंडाळायची. पण काल बाई म्हणाल्या, "राहू दे रे. तशीच गुंडाळा. उद्या बघू."

तशीच गुंडाळली. कोपऱ्यात उभी केली. सगळे घरी गेले.

तेवढ्यात उंदरीण आली. तोंडात शेंगदाणा होता. बघते तर काय? सतरंजी जागेवर नाही! आणि सतरंजीच्या उबदार घडीत तिने टिल्लीला ठेवलं होतं. जरासंच ठेवलं होतं. शेंगदाणा आणेपर्यंतच!

"मी गेलेच कशाला? आणि गेले तर टिल्लीला नेलं का नाही?" उंदरीण रात्रभर स्वतःलाच विचारत बसली.  झोप काही मिळाली नाही.

सकाळ झाली. उंदरीण निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

कोपऱ्यात सतरंजी उभी होती. आतून आवाज आला, चिं.

"सतरंजीताई, सतरंजीताई, उलगड ना! माझी टिल्ली आत आहे."

"मी दमले गं बाई, मी दमले," सतरंजी म्हणाली. "काल सगळी शाळा माझ्यावर नाचली. मुलांनी माझी टोकं धरल्याशिवाय मी नाही उलगडणार."

उंदरीण निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

पायरीवर मुलं बसली होती. एकमेकांना टेकून. शंभूच्या ओठावर कालची काजळाची मिशी तशीच होती.

"मुलांनो, मुलांनो, उठा ना!
सतरंजी उलगडेना,
माझी टिल्ली मला मिळेना."

"आम्ही दमलो गं बाई, आम्ही दमलो," मुलं म्हणाली.

"मी तर काल नाटकात झाड झाले होते," रेणू म्हणाली. "हात वर करून उभी! नाकावर माशी बसली, तरी हलले नाही."

"आणि मी राजा होतो," शंभू म्हणाला. "मिशी अजून निघत नाहीये."

"घंटा वाजल्याशिवाय आम्ही नाही उठणार," मुलं म्हणाली.

उंदरीण निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

ओट्यावर घंटा लटकत होती. गप्प.

"घंटे, घंटे, वाज ना!
मुलं उठेनात,
सतरंजी उलगडेना,
माझी टिल्ली मला मिळेना."

"मी दमले गं बाई, मी दमले," घंटा म्हणाली. "नाच संपला, टण! नाटक संपलं, टण! काल माझेच कान दुखले. बाईंनी टोला दिल्याशिवाय मी नाही वाजणार."

उंदरीण निघाली. तुरुतुरु, तुरु... तुरु.

वर्गात बाई बसल्या होत्या. डोकं टेबलावर. चष्मा बाजूला.

"बाई, बाई, टोला द्या ना!
घंटा वाजेना,
मुलं उठेनात,
सतरंजी उलगडेना,
माझी टिल्ली मला मिळेना."

"मी दमले गं बाई, मी दमले," बाई म्हणाल्या. पण आवाज आला एवढासाच. काल माइक बंद पडला होता ना! ओरडून ओरडून बाईंचा घसा बसला होता. "मावशींनी चहा दिल्याशिवाय मी नाही टोला देणार."

उंदरीण निघाली. तुरु... तुरु. तुरु... तुरु.

चुलीपाशी कौसामावशी बसल्या होत्या. रोज त्या मुलांना खिचडी करायच्या. आज नुसत्याच पाय पसरून बसल्या होत्या.

"मावशी, मावशी, चहा द्या ना!
बाई टोला देईनात,
घंटा वाजेना,
मुलं उठेनात,
सतरंजी उलगडेना,
माझी टिल्ली मला मिळेना."

"मी दमले गं बाई, मी दमले," मावशी म्हणाल्या. "काल सगळ्या गावाला मसालेभात केला. खाताना सगळे होते, पातेली घासायला मी एकटी! आणि तुमच्या बाईंना काळा चहा चालत नाही. शेळीने दूध दिल्याशिवाय मी नाही चहा देणार."

उंदरीण निघाली. तुरु... तुरु. तुरु...

शेवग्याखाली शेळी बांधली होती. पांढरी शेळी, काळे कान. गळ्यात कालची कागदी फुलांची माळ. अर्धी माळ तिने खाल्ली होती.

"शेळीबाई, शेळीबाई, दूध दे ना!
मावशी चहा देईनात,
बाई टोला देईनात,
घंटा वाजेना,
मुलं उठेनात,
सतरंजी उलगडेना,
माझी टिल्ली मला मिळेना."

"मी दमले गं बाई, मी दमले," शेळी म्हणाली. "काल मला नाटकात घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी इतकी घाबरले, इतकी घाबरले, चारा खायचाच राहिला. कागदाने काय पोट भरतं? शेवग्याने पाला दिल्याशिवाय मी नाही दूध देणार."

उंदरीण निघाली. शेवगा तिथेच होता. पण तेवढंही आता लांब वाटत होतं. तुरु...

"शेवगेदादा, शेवगेदादा, पाला दे ना!
शेळी दूध देईना,
मावशी चहा देईनात,
बाई टोला देईनात,
घंटा वाजेना,
मुलं उठेनात,
सतरंजी उलगडेना,
माझी टिल्ली मला मिळेना."

"मी दमलो गं बाई, मी दमलो," शेवगा म्हणाला. "काल माझ्या फांद्यांना दोरी बांधली. दोरीला पताका लावल्या. लाल, पिवळ्या, निळ्या. दिसतात छान. पण दोरी रुतते गं! हलता येत नाही. हललो नाही, तर पाला कसा पडणार? दोरी तुटल्याशिवाय मी नाही पाला देणार."

उंदरीण वळली. आता कोणाकडे जायचं? दोरी कोण तोडणार?

इकडे पाहिलं. कोणी नाही.
तिकडे पाहिलं. कोणी नाही.

"अगं," शेवगा म्हणाला, "दात कोणाला आहेत?"

उंदरीण मटकन खाली बसली.

"मी दमले रे दादा, मी दमले," ती म्हणाली. "रात्रभर जागी आहे. मी नाही..."

एवढं म्हणाली आणि थांबली. आत, कोपऱ्यात, सतरंजीत टिल्ली होती. तिला काय सांगायचं? आई दमली?

उंदरीण उठली. सर सर सर, झाडावर चढली. दोरी दातात धरली.

कुरूम कुरूम. कुरूम कुरूम.
कुरूम...
तट्!

दोरी तुटली. पताका उडाल्या, भुर्रर्र!
शेवगा हलला, सळसळ सळसळ. "हुश्श!"
पाला पडला, टपटप टपटप.
शेळीने पाला खाल्ला, कचर कचर.
शेळीने दूध दिलं, चुर्र चुर्र.
मावशींनी चहा केला, खदखद खदखद.
बाईंनी चहा प्यायला, भुर्र भुर्र.
बाईंनी टोला दिला.
घंटा वाजली, टण टण टण!
मुलं उठली.
मुलांनी सतरंजीची टोकं धरली.
सतरंजी उलगडायला लागली, सर्रर्र...

तेवढ्यात बाईंना आठवलं. "अरे, काल झटकायची राहिली ना? धरा घट्ट! झटका जोरात! एक... दोन..."

झटकणार? आत तर टिल्ली आहे!

"नको नको! झटकू नका!" उंदरीण ओरडली. पण उंदरीण ओरडली तर आवाज केवढा? चिं.

कोणाला ऐकू गेला नाही. उंदरीण धावली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु! दमल्याचं विसरलीच ती. धावली आणि थेट रेणूच्या पायावर चढली.

रेणूने खाली पाहिलं. पायावर उंदरीण!
रेणूने समोर पाहिलं. घडीत एक शेपटी! एवढीशी. दोऱ्याएवढी.

रेणू ओरडली नाही. रेणू हलली नाही. टोक हातात घट्ट धरलं आणि काल झाली होती तशी झाड झाली.

"काय गं रेणू?" शंभू म्हणाला.

"शू! झाड हो."

शंभू झाड झाला. मिशीवालं झाड. मग सगळीच मुलं झाडं झाली. बाईंनी पाहिलं. बाई पण झाड झाल्या.

कोणी हलेना. कोणी बोलेना.

"आता हळू," रेणू म्हणाली. "हळू, हळू, खाली ठेवा."

मुलांनी सतरंजी हळूच खाली ठेवली. शेवटची घडी उलगडली.

आत कोण होतं? टिल्ली होती!

टिल्लीच्या मिशीला चिवडा. टिल्लीच्या शेपटीला चिवडा. टिल्लीचं पोट कसं? गोल गोल, गच्च! सतरंजी झटकलीच नव्हती ना. सगळ्या आजी-आजोबांचा चिवडा आतच होता. टिल्लीने पोटभर खाल्ला आणि मग ती रात्रभर झोपली.

सगळ्या शाळेत एकटी टिल्ली दमलेली नव्हती.

"टिल्ले!" उंदरीण म्हणाली.  तिने टिल्लीला हुंगलं. कान हुंगले. पोट हुंगलं. पुन्हा कान हुंगले.

"आई," टिल्ली म्हणाली, "तू कुठे गेली होतीस?"

"मी? मी इथेच होते गं."

"मग चल ना, खेळू!"

"खेळू हं," उंदरीण म्हणाली. "जरासं टेकते. जरासंच..."

दोघी बिळात गेल्या. उंदरीण टेकली. डोळे मिटले. आणि लगेच घोरायला लागली, घुर्र... घुर्र...

टिल्लीने पाहिलं. आई हलत नाही. आई बोलत नाही. टिल्लीने आपला एवढासा पाय उचलला. आईच्या पाठीवर ठेवला. थोपट... थोपट...

"झोप हं, आई," टिल्ली म्हणाली. "मी इथेच आहे."

बाहेर मुलांनी सतरंजी झटकली, फट् फट्! चिवडा उडाला. बिळाच्या तोंडाशी पडला.

सतरंजी झटकून झाली.
आपली गोष्ट गुंडाळून झाली.
आत कोणी राहिलं नाही ना?
बघा बरं. मग झोपा.