दोर कुणाच्या हाती

फार फार जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा मध आजच्यापेक्षा गोड होता म्हणतात. खरंखोटं त्या मधमाश्यांनाच ठाऊक!

एका उभ्या कड्याच्या माथ्यावर मध काढणाऱ्यांची वस्ती होती. एकानं कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरायचं आणि दुसऱ्यानं वर बसून तो दोर धरायचा, अशी तिथली रीत.

याच वस्तीत केरबा राहत असे. गडी मोठा धाडसी, पण संशयी! दोर धरायला भाऊ बसला, की हा म्हणे, "याचा माझ्या मधावर डोळा आहे." शेजारी बसला, की म्हणे, "हा डुलक्या घेतो." आणि खालच्या खोऱ्यातले ते वेगळी बोली बोलणारे, वेगळे देव पुजणारे लोक? त्यांचं तर नावच काढायला नको! या धास्तीपायी केरबाची झोप उडाली, खाल्लेलं अंगी लागेना. भाऊ आणि शेजारीही हळूहळू त्याला टाळू लागले.

शेवटी त्यानं दोर माथ्यावरच्या एका जुन्या झाडाला बांधला आणि बायकोला ऐटीत म्हणाला, "झाड कधी दगा देत नाही."

"नाही देत खरं," ती म्हणाली. "पण अहो, तुम्ही हाक मारलीत तर झाड ओ देईल का?"

केरबानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सरसर खाली उतरला.

आणि काय पोळं होतं ते! चांगलं सुपाएवढं, मधानं नुसतं ठिबकत होतं! केरबानं धूर केला, माश्या उठवल्या, भराभर पोळं कापून टोपली भरली. आनंदानं त्याला गावंसं वाटलं. त्यानं सहज वर पाहिलं, तो काय!

कड्याच्या धारेवर घासून दोराच्या तीन पेडांपैकी एक पेड तुटला होता. वर माणूस असता, तर त्यानं केव्हाच दोर बाजूला सरकवला असता. झाड आपलं जागच्या जागी उभं!

"अरे, कुणी आहे का?" केरबा ओरडला. झाडाची पानं सळसळली, एवढंच. तेवढ्यात दुसरा पेडही तटकन तुटला.

तोच वरून एक चेहरा डोकावला. हिरडे वेचायला आलेली खोऱ्यातली एक थोराड बाई! तिनं घाईघाईनं आपला मोळीचा दोर खाली सोडला आणि काहीबाही ओरडली. केरबाला एक अक्षर कळलं नाही. त्याचा हात पुढे होईना. हिनं दोर सोडून दिला तर?

बाईनं ते ओळखलं असावं. तिनं दोराचं वरचं टोक उचललं, स्वतःच्या कमरेला बांधलं, गच्च गाठ मारली आणि एका धोंड्याला पाय रोवून बसली. आता तो पडला, तर तीही त्याच्यामागे दरीत!

केरबा थक्क झाला. ना ओळख, ना पाळख, आणि ही बाई आपला जीव माझ्या हाती देतेय! त्यानं टोपली दरीत सोडली, तिचा दोर दोन्ही हातांनी धरला आणि कमरेला बांधला. शेवटचा पेड तुटला तो त्याच क्षणी! बाईनं ओढलं, केरबानं खाचेत पाय रोवले, पुन्हा तिनं ओढलं, पुन्हा तो चढला, आणि एकदाचा माथ्यावर येऊन आडवा पडला.

वर येताच बाईनं त्याला आपल्या बोलीत सडकून झापलं. यातलं मात्र त्याला अगदी सगळं कळलं! केरबा रडता रडता हसू लागला. त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला आणि भर दुपारी घोरत पडला.

पुढच्या हंगामात भावाच्या हाती दोर देऊन तो कडा उतरला. मग त्या बाईच्या लेकीला मध काढायला शिकायचं होतं, तेव्हा दोर धरायला केरबा स्वतः बसला. त्याचं पाहून वस्तीतले इतरही खोऱ्यातल्या लोकांचे दोर धरू लागले. मध खाली जाऊ लागला, धान्य वर येऊ लागलं आणि त्या कड्यावरून पुन्हा कुणीही एकटं उतरलं नाही.

तात्पर्य : आधी कुणीतरी विश्वास टाकावा लागतो, तेव्हाच एकाचा जीव निश्चिंत होतो आणि सारा समाज सुखी होतो.